वरणातली पुडी

माझ्या नवऱ्याने आयुष्यात दारूचा थेंबही घेतलेला नाही. हे आज माझ्याकडे लेखी आहे, मोठ्या दवाखान्याच्या शिक्क्यासकट. तो स्वतः दोन वर्षं मला हेच सांगत होता, तेव्हा मी ऐकलं नाही.

लिहिताना मी त्याला तो म्हणते आहे. समोर सगळा संसार अहो म्हणत काढला, आजही अहोच म्हणते. पण कागदावर अहो लिहिलं की आपण फार आदराने वागलो असं वाटायला लागतं. तसं मी वागलेले नाही, म्हणून तो.

केजला आमचं घर आहे आणि पुढच्या खोलीत माझी पिठाची गिरणी. तो बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होता. खिडकीत बसायचं, गाड्यांच्या वेळा नोंदवायच्या आणि माइकवरून पुकारा करायचा. त्याचा आवाज स्वच्छ होता. त्या आवाजामुळे आणि नीट वागण्यामुळे वस्तीने त्याला बौद्धाचार्य केलं होतं. आमच्यात लग्न लावायला भटजी नसतो. वस्तीतलाच एखादा माणूस उभा राहतो, ज्याचं चालणं-बोलणं सगळ्यांना माहीत आहे. तो नवरा-नवरीला आणि मांडवातल्या सगळ्यांना त्रिशरण पंचशील देतो. तो पुढे म्हणतो, लोक मागून म्हणतात. त्यातलं पाचवं शील नशेपासून दूर राहण्याचं असतं. वीसेक वर्षं त्याने ते लोकांना दिलं. घराण्यात छप्पन साली धम्म घेतल्यापासून चालत आलेलं ते काम होतं, आधी सासऱ्यांनी केलं, मग याने. पगारापेक्षा त्याला त्याचंच मोल जास्त.

आणि मग त्याचं तोंड लाल व्हायला लागलं.

तो सावळा आहे, त्यामुळे गोऱ्या माणसासारखा लालबुंद होत नाही. चुलीवर ठेवलेला तांब्याचा हंडा तापत जातो तसा रंग यायचा, कपाळापासून छातीच्या वरच्या भागापर्यंत. डोळे तांबारायचे. दोन-चार मिनिटांत उतरायचं. पाठोपाठ पोटात कळ येऊन तो संडासकडे पळायचा. दिवसातून कधी दोनदा, कधी सहादा. चालताना मध्येच भिंतीला हात लावून उभा राहायचा. वजन उतरलं, पुढे पुढे पायांना सूज यायला लागली.

दारुड्याची लक्षणं मला कोणी शिकवायची गरज नव्हती. माझा बाप पिऊन मेला. तोंडाचा रंग, डोळ्यांचा रंग, भिंतीला टेकलेला हात, सगळं मी लहानपणीच पाठ केलं होतं. बाप आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायचा की घेतलेली न्हाई, आणि त्याच हाताला वास यायचा. लग्न ठरताना मी एकच गोष्ट विचारली होती, मुलगा पितो का. नाही म्हणाले, म्हणून मी इथे आले.

तरी पहिले काही महिने मी काही बोलले नाही. बोलायला लावलं ते आमच्या गल्लीतल्या मावशीने. मावशी नात्याची नाही, पण गिरणीवर रोज येणारी आणि गावभर फिरणारी. ज्वारीचा डबा खाली ठेवत ती म्हणाली, "काय गं, तुझं मालक बरं हायत ना?"

"कावून?"

"न्हाई, काल स्टँडवर दिसले. तोंड लई लाल झालतं. माझा लेक संगं होता, त्याचा दोस्त म्हणतो त्याला, काय बे, साहेब बी सुरू झाले का?"

"मावशी, बारीक दळू का जाडं?"

"बारीकच. राग नको मानू बाई. वास येत न्हाई म्हणून गाफील राहू नको. आजकाल बिनवासाची बी निघालीया म्हणं."

मी दळण टाकलं. पट्ट्याच्या आवाजात पुढचं ऐकू आलं नाही. ऐकू यायची गरजही नव्हती.

त्याच दिवशी तो जेवायला घरी आला तेव्हा मी ताट वाढलं आणि समोर बसले.

"खरं सांगा. घेता का?"

"काय घेतो?"

"माझ्या तोंडून वदवू नका."

तो माझ्याकडे बघत राहिला आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याच्या मानेवरून तो रंग वर चढला. मी म्हटलं, "बघा. बोलता बोलता चढली."

"अगं, तू असं इचारलं की आतून भडका होतो. मला काय होतंय ते मलाच कळंना."

"माझा बाप बी असंच म्हणायचा."

ताट तसंच ठेवून तो संडासला गेला. मी बाहेर उभी राहून त्याच्या पिशवीत हात घातला. बडीशेप आणि वेलदोडे सापडले. पोटाला बरं वाटतं म्हणून तो चघळायचा. वास लपवायला घेतो, असं मी ठरवलं.

त्यानंतर मी रोज विचारायला लागले. रोज विचारायचे आणि रोज त्याचं तोंड लाल व्हायचं. प्रश्न माझा आणि पुरावाही माझ्यासमोरच. यापेक्षा पक्कं काय असतं?

एकदा तो दुपारी हसतमुख घरी आला. आगारात चालकांची दारू तपासायचं मशीन असतं, त्यात फुंकर मारावी लागते. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, तो स्वतः जाऊन फुंकून आला होता. तोंड लाल असतानाच.

"शून्य आलं," तो म्हणाला. "दोन माणसं साक्षीला व्हती. इचार त्यांना."

मी कणीक मळत होते. म्हटलं, "मशीन तुमचं, माणसं तुमची. आकडा काय माझा येणार हाय का?"

तो हसायचा थांबला. पुन्हा तो विषय त्याने स्वतःहून कधी काढला नाही.

पोटासाठी आम्ही दोन-तीन डॉक्टर केले. एकाने आमांश म्हटलं, एकाने आतडं नाजूक आहे म्हटलं, एकाने ताण घेऊ नका सांगितलं. तोंड लाल होतं हे त्यांच्यापैकी कोणालाच सांगितलं गेलं नाही. मी शेजारच्या खुर्चीत बसलेली असायचे, म्हणून तो सांगत नव्हता. मी सांगत नव्हते कारण मला लाज वाटायची. त्यांनी विचारायचं तरी कुठून? लाल तोंडाचं उत्तर मी आधीच ठरवून टाकलं होतं, त्यामुळे तो प्रश्न दवाखान्यापर्यंत पोचलाच नाही.

मग मी धारूरच्या बाजारात गेले. तिथे बाजाराच्या दिवशी एक औषधवाला बसायचा, असं मावशीकडूनच कळलं होतं. मुळ्या, तेलं, पुड्या. मी घातलेला स्कार्फ डोळ्यांपर्यंत ओढून त्याच्यासमोर बसले. मला काही सांगावं लागलं नाही. बायका कशासाठी येतात हे त्याला तोंडपाठ होतं.

"मालकाला कळू द्यायचं न्हाई," तो म्हणाला. "वरणात घाला, चहात घाला, चव लागत न्हाई. रोज दोन टायम."

"लागू पडलं हे कसं कळायचं?"

"लई सोपं हाय ताई. पुडी पोटात असताना त्यानं घेतली, की तोंड लालभडक होणार, छातीत धडधडणार, पोट सुटणार. असं झालं की समजायचं, औषध लागलं. घाबरायचं न्हाई आणि बंद करायचं न्हाई."

मी महिन्याच्या पुड्या घेतल्या. वरण दोघांचं एकाच पातेल्यात शिजायचं. मुलगी लग्न होऊन पुण्याला, घरात आम्ही दोघंच. त्याच्या वाटीत वाढताना मी पुडी टाकायचे, चमच्याने हलवायचे, वरून लिंबू पिळायचे.

चौथ्या दिवशी तो जेवून उठला आणि त्याचं तोंड लाल झालं. छातीवर हात ठेवून तो खुर्चीत बसला. म्हणाला, "धडधडतंय गं लई." मग संडासकडे गेला.

मला समाधान वाटलं. वाटलं ते वाटलं. औषधवाल्याने सांगितलेली तिन्ही लक्षणं त्याच क्रमाने समोर आली होती. माझं बरोबर होतं. नवरा पितो याचं दुःख होतंच, पण त्याच्यावर आपण बरोबर होतो याचा आनंद होता. अकरा महिने मी दोन वेळा त्या पुड्या घातल्या.

या अकरा महिन्यांतच विहाराच्या कमिटीतल्या काकांच्या नातीचं लग्न ठरलं. काका वयाने मोठे, त्यांचा शब्द वस्तीत चालतो. लग्न माझ्या नवऱ्यानेच लावायचं हे गृहीत होतं. मला ते सहन होईना. पिणाऱ्या माणसाने मांडवात उभं राहून पाचवं शील द्यायचं आणि नंतर कोणीतरी हसायचं, त्यापेक्षा आधीच थांबलेलं बरं. मी एकटी काकांच्या घरी गेले.

"काका, लग्नाला दुसरं कुणी बघा."

"कावून गं? कुठं जायलेत का?"

"त्यांची तब्येत बरी नसते."

काकांनी चष्मा काढला. "तब्येत, का दुसरं काय? लोक बोलतेत ते माझ्या बी कानावर हाय. तू घरातली हायस. तू सांग."

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. काकांनी चष्मा परत घातला आणि म्हणाले, "ठीक हाय. समजलं मला."

लग्नात दुसरा माणूस उभा राहिला. माझा नवरा तिसऱ्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता आणि इतरांसारखं मागून म्हणत होता. पाचव्या शीलाला त्याचं तोंड लाल झालं. पुढच्या दोन रांगा वळून बघायला लागल्या. तो मात्र शेवटच्या शब्दापर्यंत म्हणत राहिला, स्पष्ट आवाजात. घरी येताना त्याने मला विचारलं, "काकांना कुणी काय सांगितलं असंल?" मी म्हटलं, "मला काय माहीत."

त्यानंतर त्याला कोणी लग्नाला उभं केलं नाही.

मी खात्रीने चालणारी बाई आहे. दळण मी हाताने चोळून बघितल्याशिवाय देत नाही. पुड्या इतके महिने घालूनही सुटत नाही म्हटल्यावर मला खात्री करून घ्यायची होती, की तो नेमकी कुठे आणि केव्हा घेतो. पाऊस बरा झाला होता. मी म्हटलं, रविवारी कपिलधारला जाऊ, धबधबा बघू. तो खूश झाला. बऱ्याच दिवसांत मी त्याला कुठे चला म्हटलं नव्हतं.

त्या दिवशी मी पुडी घातली नाही. सकाळी उठल्यापासून त्याला एक क्षण नजरेआड होऊ दिलं नाही. गाडीत शेजारी बसले. तो दुसऱ्या बाजूच्या खिडकीत बसतो म्हणाला, तर मीही उठले. संडासला गेला तेव्हा दाराबाहेर उभी राहिले. पाणीसुद्धा माझ्या बाटलीतलं दिलं. तिथल्या मंदिरापाशी गर्दी होती, मंदिराच्या पायऱ्या ओल्या होत्या. पायऱ्या उतरताना एकदा, वर चढताना एकदा आणि भजी खाताना एकदा, तीन वेळा त्याचं तोंड लाल झालं. मी मनगटावरचं घड्याळ बघत होते. पहाटेपासून त्याच्या तोंडात मी दिलेल्याशिवाय काहीच गेलं नव्हतं.

माझी शेवटची शंका त्याच्या खांद्यावरच्या पिशवीवर होती. ती त्याने दिवसभर सोडली नव्हती. तो तोंड धुवायला वाकला तेव्हा मी ती काढून घेतली आणि तिथेच कट्ट्यावर उलटी केली. त्यातून एक घडी केलेली पँट, एक चड्डी, प्लास्टिकच्या डबीतला साबण आणि गुंडाळलेली रिकामी पिशवी पडली.

तो ओल्या तोंडाने बघत उभा होता.

"कधी कधी वेळेवर पोचत न्हाई मी," तो म्हणाला. "म्हणून ठेवतो. कामावर बी नेतो."

मी पँटची घडी पुन्हा घातली. नीट बसेना, दोनदा घातली. धबधबा न बघताच आम्ही परत आलो.

दुसऱ्याच आठवड्यात मी त्याला लातूरला नेलं. तिथल्या पोटाच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. माझ्या मुलीच्या वयाची असेल. लाल तोंडाचं या वेळी मी आधीच सांगून टाकलं. तिने त्याला एकेक विचारायला सुरुवात केली. तंबाखू? नाही. दारू?

"न्हाई," तो म्हणाला.

तिने नाही लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. एवढंच. त्याने न्हाई म्हटलं, तिने नाही लिहिलं. मी तिच्या पेनाकडे बघत राहिले.

"तोंड लाल होतं म्हणता, ते कशाने? तिखट, चहा, चालणं?"

"ही रागवली की बी होतं," तो म्हणाला.

"काय बोलतात काकू?" तिने हसून माझ्याकडे पाहिलं. "आत्ता बोलून दाखवा ना. मला बघायचंय."

मला वाटलं ती गंमत करते आहे. पण तिने घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि त्याचं मनगट धरलं. मला बोलावंच लागलं.

"घेऊन आलात ना?" मी म्हटलं. "खरं सांगा."

दवाखान्याच्या पांढऱ्या दिव्याखाली तो रंग मानेवरून वर चढला. डॉक्टरीण त्याच्याकडे टक लावून बघत होती, पण मी बघायचे तशी नाही. उतरेपर्यंत तिने वेळ मोजली आणि लिहून घेतली. मग मला म्हणाली, "थँक्यू काकू. फार उपयोग झाला."

चोवीस तासांची लघवी साठवून आणायला सांगितली. आधी तीन दिवस केळी, टोमॅटो, अननस, अक्रोड बंद. केळी-टोमॅटो सोडलं तर बाकीचं आमच्या घरात येतच नव्हतं. दवाखान्याने दिलेला काळा कॅन भरल्यावर तो घेऊन आम्ही जीपने लातूरला निघालो. कॅन माझ्या मांडीवर. समोर बसलेला एक जण बराच वेळ बघत होता, शेवटी म्हणाला, "काय काकू, गावठी हाय का? थोडी आमाला बी द्या की."

सगळी जीप हसली. माझा नवरा म्हणाला, "सर्टिफिकेट हाय माझं. देऊ का?"

त्या माणसाला काही कळलं नाही. मला कळलं. मी कॅनवर पिशवी टाकली.

निकाल यायला आठवडा लागला, मग स्कॅन झालं, हृदयाची सोनोग्राफी झाली. लहान आतड्यात हरभऱ्याएवढी एक गाठ होती. तिथून ती यकृतात गेली होती, तिथे पाच-सहा ठिकाणी. डॉक्टरिणीने कागदावर चित्र काढून समजावलं. ही गाठ इतर गाठींसारखी गप्प बसत नाही. अंगात एरवी अगदी थोडी लागणारी रसायनं, हार्मोन्स, ती भरमसाट तयार करते आणि रक्तात सोडते. त्यानेच तोंड लाल होतं, छाती धडधडते, आतडी धावायला लागतात. जेवण, चहा, दम लागणं, मनाला लागलेलं काही, कशानेही ती एकदम जास्त सोडते.

"आतड्यातलं रक्त आधी यकृतात जातं," ती म्हणाली. "यकृत ती रसायनं मोडून टाकतं. म्हणून गाठ नुसती आतड्यात असते तेव्हा बऱ्याचदा काही कळत नाही. यकृतातच गाठी झाल्या, की मोडायला कोणी उरत नाही. सगळं थेट अंगभर जातं."

"म्हणजे पहिल्यांदा लाल झालं तेव्हाच..."

"तेव्हाच यकृतात गेलेलं असणार."

मी पटकन हिशोब केला. म्हणजे दोन वर्षांपूर्वी आले असते तरी गाठ यकृतात असतीच. तर मग माझ्यामुळे काही बिघडलं नाही. हा विचार किती लवकर आला माझ्या मनात! पण तिचं बोलणं संपलं नव्हतं.

"ही गाठ हळू वाढते. इंजेक्शनने आपण हा स्राव बराच आटोक्यात ठेवू. माणसं वर्षानुवर्षं जगतात. पण इतके दिवस ही रसायनं हृदयातून वाहत राहिली, त्यामुळे उजव्या बाजूची झडप जाड झाली आहे. पायाला सूज येते ती त्याची. लवकर इंजेक्शन सुरू झालं असतं तर हे कदाचित टळलं असतं."

मग तिने त्याला विचारलं, "दुसरं काही औषध चालू आहे? गावठी, आयुर्वेदिक, कुणी दिलेलं?"

"काहीच न्हाई," तो म्हणाला. त्याच्या माहितीप्रमाणे ते खरं होतं.

तो रक्त द्यायला गेला तेव्हा मी एकटी परत आत गेले आणि उरलेल्या दोन पुड्या टेबलावर ठेवल्या. काय झालं ते चार वाक्यांत सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने पुडी उघडली, वास घेतला, पुन्हा बंद केली.

"यात काय आहे मला सांगता येणार नाही. काही असलंच तर यकृताला चांगलं नव्हतं. नसेल तर नुसता खडू असेल. फाइलमध्ये लिहावं लागेल, काकू. तुम्हीच त्यांना सांगा. ते फाइल वाचतात ना?"

तो वाचतो. आयुष्यभर नोंदी ठेवलेला माणूस आहे, स्वतःच्या आजाराची फाइल तो रोज वाचतो.

लातूरच्या स्टँडवर केजच्या गाडीला वेळ होता. पुकारा चालू होता आणि तो सवयीने कान देऊन ऐकत होता, कोणती गाडी उशिरा लागली वगैरे. मी म्हटलं, "मी तुमच्या वरणात पुडी घालत व्हते. दारू सुटावी म्हणून."

त्याने मान वळवली. "किती दिवस?"

"अकरा महिने."

"रोज?"

"दोन्ही टायम."

त्याने खांद्यावरची पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाला, "आणि काकांना?"

"ते बी मीच. म्हणजे सांगितलं न्हाई. त्यांनी इचारलं तवा गप बसले."

तोंड लाल झालं. इतकी वर्षं मी तो रंग ओळखते असं मला वाटत होतं. त्या दिवशी तो रोगाचा होता की रागाचा, मला सांगता येईना. केजची गाडी लागल्याचा पुकारा झाला. दोनदा झाला. सगळी नोकरी गाड्यांच्या वेळा पाळण्यात घालवलेला माणूस जागचा उठला नाही. गाडी गेली. आम्ही पुढच्या गाडीने आलो, तीन तासांनी. 

आता दर चार आठवड्यांनी कमरेखाली इंजेक्शन असतं. जुलाब बरेच थांबले, लाल होणं आठवड्यातून एखाददा. पायाची सूज आहे, जिना चढवत नाही. नोकरी त्याने मुदतीआधी सोडली.

बातमी वस्तीत पोचल्यावर काका घरी आले. जयभीम झाला, पाणी झालं. मग ते म्हणाले, "झालं गेलं इसरा. दवाखान्याचा कागद हाय म्हणं तुमच्याकडं. रविवारी विहारात वाचून दाखवू, लोकांचा गैरसमज जाईल. पुढच्या महिन्यात लगीन हाय, ते तुमीच लावा."

"काका," तो म्हणाला, "वीस वर्षं शील दिलं मी. कुणाला कागद मागितलता का?"

"तसं न्हवं, लोकांच्या मनात..."

"ते काम तोंडच्या शब्दावर चालतं. माझा शब्द घरातच चालला न्हाई, तर कागदावर मांडवात कसा चालंल?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. चहा न घेता ते गेले. लग्न दुसऱ्याने लावलं. आमंत्रण आलं होतं, तो गेला नाही.

लातूरहून आलो त्या दिवसापासून आमच्या घरात एक पद्धत पडली आहे. मी ताट वाढते. तो ताट उचलून माझ्यासमोर सरकवतो. मी वरणभाताचा पहिला घास घेते. मी गिळल्यावर तो ताट ओढून घेतो आणि जेवतो. याबद्दल तो रागाने कधी बोलला नाही. बोललाच नाही. परवा मावशी दळणाचे डबे घ्यायला नेमकी जेवणाच्या वेळी आली आणि दारातूनच म्हणाली, "अगं बाई! एका ताटात? म्हातारपणी लई प्रेम आलंय की!"

मावशी गेल्यावर मी पहिल्यांदाच ताट परत त्याच्याकडे सरकवलं. "तूर, हळद, मीठ, लसूण," मी म्हटलं. "दुसरं काही न्हाई त्यात. शब्द देते मी."

तो वाटीकडे बघत होता.

"मी बी दिलता," तो म्हणाला.

मी घास घेतला.